अर्ध्या पोटाच्या बॅटऱ्या

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

आधी गाऱ्हाणं लिहून ठेवते, मग बाकीचं. माझी बाज आणली न्हाई. टेम्पोत जागा होती. शेळी विकली तरी तिचं दावं आणलं, फुटका रांजण आणला, आन नवरा गेल्यापासून जिच्यावर पाठ टेकली ती सुतळीची बाज बजरंग भिंतीला उभी करून आला. हितं मला लाकडी फळ्यांचा पलंग दिलाय. आडवं झालं की तिरडीवर टाकल्यासारखं वाटतं. म्हणला, आजी, डॉक्टर म्हणतेत कडक फळीवर झोपावं, कमरेला चांगलं. कोणता डॉक्टर इचारलं तर म्हणला मोबाईलमधला.

झालं. आता राम राम.

मी केवळाबाई. हिमायतनगरकडचं गाव सोडून आज लोह्याला नातवाच्या घरी राहायला आले. बजरंगाचे आई-बाप तो लहान असतानाच गेले. त्याला मीच वाढवलं, मीच बडवलं, मीच कान धरून शाळेत नेलं. मी स्वतः शाळेचं तोंड पाह्यलं न्हाई. साक्षरतेच्या वर्गात कंदिलाखाली अक्षरं गिरवली, तेवढंच. जोडाक्षर आलं की पेन अजून ठेच खातो. ही डायरी खताच्या दुकानानं फुकट वाटलेली. बजरंगाची बायको शिवकन्या म्हणली, आजी, तुम्हाला लई बोलायला लागतं, आमाला कामं असतेत, लिहीत जावा. तोंड बंद कर म्हणायची ही नवी तऱ्हा. पोरगी वाईट न्हाई. चहा मात्र पाण्यासारखा करते.

घर लातूर रोडला, नव्या प्लाटात. पुढं दोन खोल्या, मागं एक. मागची मला. उत्तरेला तोंड, भिंती जाड, एकच गजाची खिडकी, तिच्यातून ऊन म्हणून येत न्हाई. घरातली सगळ्यात थंड खोली तुला दिली, बजरंग सांगून राहिला. जन्मात पहिल्यांदा मला स्वतःचं दार मिळालं, ते लावून घ्यायला कडी मिळाली. मी दोनदा लावून, उघडून पाह्यली. हसू आलं मलाच.

त्यांची पोरगी आरती दारात उभी राहून मला निरखत होती. आत ये म्हणलं तर शिवकन्यानं तिला काखेत उचलून नेलं. लाजते म्हणली. लाजणारी पोरगी जीभ बाहेर काढून दाखवत न्हाई.

३० नोव्हेंबर, रविवार

खोलीत मी एकटी न्हाई. बॅटऱ्या हायेत.

बजरंगाचा धंदा फवारणीचा. पाठीवर पंप घेऊन न्हाई, ड्रोननं. सहा पंख्याचं ते मशीन औषधाची टाकी घेऊन तुरीवर, हरभऱ्यावर फिरतं, आन हा बांधावर उभा राहून हातातली पेटी दाबतो. लई पाऊस झाला की लोक लाईन लावतेत, मग महिना-महिना काम न्हाई. आता तुरीची फवारणी सरली. मशीन बसलं. मशीन कुठं बी बसतं, पण बॅटऱ्यांना सांभाळावं लागतं, म्हणला.

एक एक बॅटरी विटेएवढी, पण विटेच्या दुप्पट जड. भिंतीला लोखंडी मांडणी, तिच्यावर ओळीनं ठेवलेल्या. बजरंगानं मला शेजारी बसवून सगळं समजावलं, लहानपणी मी त्याच्याकडून पाढे म्हणून घ्यायची तसं. काम नसताना बॅटरी भरून ठेवायची न्हाई, फुगते. रिकामी ठेवायची न्हाई, मरते. अर्धी ठेवायची. बटण दाबलं की चार दिवे लागायची जागा हाय, त्यातले दोन लागले पाहिजेत. उन्हात न्हाई, चुलीजवळ न्हाई. उडून आल्यावर गरम असंल तर थंड झाल्याबिगर चार्जरला लावायची न्हाई. चार्जरला लावली की एकटी सोडून जायचं न्हाई, माणूस पाहिजे खोलीत. पेटली तर पाणी न्हाई, वाळू. दाराजवळ वाळूच्या बादल्या हायेत.

मी म्हणलं, माझ्या सासूनं मला असंच ठेवलं होतं. भरल्या पोटी न्हाई, उपाशी न्हाई, अर्ध्या पोटी. आन मी बी फुगले न्हाई, मेले न्हाई. बजरंग लई हसला.

माझं काम ठरलं. सकाळी उठून उलट्या हातानं एकेकीचं अंग पाहायचं, गरम तर न्हाई. बाजूनं डोळा लावून पोट पाहायचं, फुगलंय का. बटण दाबून दिवे पाहायचे. मला आवडलं काम. कोंबड्या खुडूक बसल्या की असंच हात घालून पाहत होते.

२ डिसेंबर, मंगळवार

पलंगाला नावं ठेवली ती परत घेते. थंडी पडलीय, पण रात्री खालून ऊब येते. पहिल्यांदा वाटलं वाकळ नवी हाय म्हणून. न्हाई. फळीच कोमट लागते, तव्याखालचा इस्तू विझल्यावर तवा लागतो तशी. गुडघा दुखायचा थांबला. शिवकन्याला सांगितलं तर ती ताटाकडं पाहत राहिली, बरं झालं आजी म्हणली, आन उठून गेली.

दिवसा मी खोलीत थांबत न्हाई. पलीकडं तारामती राहते, विधवा बाई, जिभेला माझ्यासारखीच धार. तिच्या अंगणात ऊन येतं. आम्ही दोघी शेंगा फोडत बसतो आन लोह्यातल्या लोकांच्या सुना धुऊन काढतो.

आज तीन बॅटऱ्या फुगलेल्या सापडल्या. हिरवा चारा जास्त खाल्लेल्या वासराचं पोट येतं तसं. वरचं प्लास्टिक ताणून चकचकीत झालेलं. बजरंगाला हाक मारली. त्यानं माझ्या पाठीवर थाप मारली, म्हणला, आजी, तुझी नजर म्हणजे नजर. या कामाच्या गेल्या, आता मिठाच्या पाण्यात बुडवून मारायच्या आन भंगारवाल्याकडं द्यायच्या. पोत्यात घालून घेऊन गेला. त्याच्या चेहऱ्यावर मात्र फिकीर दिसली. त्या महाग येतेत.

५ डिसेंबर, शुक्रवार

आरतीला आज खोलीत बोलावलं, गूळ-शेंगदाणा देते म्हणून. आली उंबऱ्यापर्यंत. एक पाय उचलला आन तसाच खाली ठेवला. म्हणली, मोठी आजी, तुझ्या खोलीत आले तर पप्पा मारतेत. मी म्हणलं, पप्पाला मी मारते, ये. तर शिवकन्या धावत आली. एवढी धावली की डोक्यावरचा पदर पडला.

मी इचारलं, माझ्यात काय रोग हाय का गं? न्हाई आजी, म्हणली, बॅटऱ्याला हात लावंल ती, म्हणून.

हाव, असंल. लेकरू हाय. पण वाईट वाटलं. पणतीला मांडीवर घ्यायला तर आले मी.

७ डिसेंबर, रविवार

तारामतीनं आज एक गोष्ट सांगितली आन मग सांगितली म्हणून पस्तावली.

माझ्या खोलीत आधी मलप्पा राहत होता. देगलूरकडचा गडी, निम्मं कानडी निम्मं मराठी बोलणारा, बजरंगासंगं ड्रोन घेऊन फिरायचा, बॅटऱ्या सांभाळायचा, तितंच झोपायचा. उन्हाळ्यात मेला. बजरंगानं गल्लीत सांगितलं की न्हाणीत उकळतं पाणी अंगावर सांडलं. तारामती म्हणली, मावशी, मी त्याला गाडीत घालताना पाह्यलं. पाण्यानं भाजलेला माणूस काळा पडत न्हाई.

आन वर म्हणली, त्या खोलीची भिंत बजरंगानं दुसऱ्या दिवशी रंगवून घेतली.

घरी येऊन पाह्यलं. माझ्या खोलीची एकच भिंत रंगवलेली हाय. बाकीच्या तीन मळकट. पलंग त्याच भिंतीला लावलेला.

९ डिसेंबर, मंगळवार

मी भुताला भिणारी बाई न्हाई. स्मशानाच्या कडेचं शेत मी एकटीनं राखलंय. तरी पण जे होतंय ते लिहिते.

पलंग हालतो. म्हणजे सकाळी मी भिंतीपासून हातभर पुढं ओढून ठेवते, झाडायला सोपं म्हणून, आन दुपारी तारामतीकडून आले की परत भिंतीला चिकटलेला. वाकळीची घडी मी घालते ती मोडून दुसरी घातलेली असते. ज्वारीचं पोतं कोपऱ्यात होतं, ते माझ्या पायथ्याला, फळीवर आलंय. शिवकन्या म्हणते मी न्हाई ठेवलं. बजरंग म्हणतो तूच ठेवलं असशील आजी, ध्यानात न्हाई.

वास येतो. घाण न्हाई, गोड. पिकून उतरलेल्या केळ्यासारखा, त्यात नखाला लावायच्या रंगाचा. मांडणीवरच्या बॅटऱ्या एकेक हुंगल्या, त्यांना वास न्हाई.

आन आवाज. टिक. मग लई वेळ काय न्हाई. मग टिक. पाल असंल म्हणून झाडू घेऊन भिंती झाडल्या. आवाज भिंतीतून न्हाई. माझ्या खालून येतोय.

फळी मधोमध वर आल्यासारखी वाटते. कूस बदलली की मी घसरते.

११ डिसेंबर, गुरुवार

मलप्पाचं काय राह्यलं असंल तर त्यानं सांगावं. माणूस जितं जीव सोडतो तितं घुटमळतो असं म्हणतेत. आमच्याकडं माणूस गेला की त्या जागी पीठ पसरतेत आन दिवा लावतेत. सकाळी पाहतेत, पिठावर कोणाचं पाऊल उमटलं. चिमणीचं उमटलं तर चिमणीच्या जन्माला गेला, असं. मी आजवर पाह्यलेलं पाऊल दर वेळी उंदराचंच होतं, पण रडणाऱ्या बायांपुढं ते बोलता येत न्हाई.

आज तारामतीकडं जायच्या आधी ज्वारीचं पीठ चाळणीतून फरशीवर पाडलं. दारापासून पलंगापर्यंत, पातळ, फुंकर मारली तर उडंल असं. मग पलंग सोडून भिंतीच्या कडेकडेनं बाहेर आले.



त्याच दिवशी, दिवेलागणीला

पाऊल उमटलंय.

उलटं न्हाई. सुलटं, अनवाणी, मोठ्या माणसाचं. दारातून आत, पलंगापर्यंत, परत बाहेर. पलंगाजवळ दोन गोल ठसे, गुडघ्याचे. माणूस गुडघ्यावर बसला होता तितं.

डाव्या पायाची करंगळी टेकलेली न्हाई.

लहानपणी बैलगाडीचं चाक गेलं होतं त्या करंगळीवरून. मीच हळद भरली, मीच चिंधी बांधली. ती तशीच वर राह्यली, तुटली न्हाई, टेकली न्हाई. चपला दाराबाहेर काढून आला होता. आजीची खोली म्हणून.

मेलेल्याचं पाऊल असतं तर बरं झालं असतं.

वाकळ काढली. पोतं ढकललं. वरच्या फळ्या ठोकलेल्या न्हाईत, नुसत्या ठेवलेल्या. एक उचलली.

खाली दुसरी फळी. दोन फळ्यांच्या मधी बॅटऱ्या. ओळीनं, अंगाला अंग लावून, माझ्या डोक्यापासून पायापर्यंत. त्या तीन हायेत, मिठाच्या पाण्यात बुडवणार होता त्या. आन त्यांच्यासंगं किती तरी, कुठून आणल्या देव जाणे, जुन्या, खरचटलेल्या, दुसऱ्यांची नावं खोडलेल्या. सगळ्यांची पोटं फुगलेली. बाजूला काळी वायर, भिंतीतल्या भोकातून त्याच्या खोलीत जाते.

हात लावला. कोमट. माझी ऊब.

१२ डिसेंबर, शुक्रवार

इचारलं. घरात दुसरं कोणी नसताना इचारलं.

मला वाटलं तो नाकारंल. नाकारला असता तर मी मानलं बी असतं, एवढी मी मूर्ख. तो हसला. आईशप्पथ, लहानपणी साखर चोरून खाल्ल्यावर हसायचा तसा. म्हणला, आजी, तुला काय त्रास झाला का? ऊब लागली नं?

मग सांगून टाकलं सगळं, जसा काय पीक-पाणी सांगतोय. बाकीच्या ड्रोनवाल्यांच्या बाद झालेल्या बॅटऱ्या तो उचलून आणतो. दाबल्या की पोट उतरतं. दिवसा मी बाहेर असते तवा वायरीनं थोडं भरायच्या, थोडं उतरवायच्या, म्हणजे जीव येतो. मग वरून नवं प्लास्टिक, नवा कागद. मुदखेडकडचा एक बचत गट ड्रोन विकत घेऊन राह्यलाय, त्यांना ह्या बॅटऱ्या खपवायच्या, बाया पहिल्यांदाच घेऊन राहिल्या, त्यांना काय कळतंय. वेळ अमावस्येला सांजच्या पारी पाहायला येणार.

मी म्हणलं, दगड ठेवायचा होता वर.

म्हणला, ठेवून पाह्यला. दगडानं एक कोपरा दबतो आन दुसरा फुगतो. माणूस कूस बदलतो, सगळीकडं सारखं दबतं. मलप्पा लई हालायचा. तुझं वजन बराबर हाय.

तुझं वजन बराबर हाय. पुन्हा लिहिलं, कारण पहिल्यांदा लिहून बी मला पटलं न्हाई.

मलप्पाला काय झालं इचारलं. तो उठून गेला.

१४ डिसेंबर, रविवार

जमिनीवर झोपते. फळीवर पाय ठेवत न्हाई.

आरतीला खोलीत का येऊ देत नव्हते ते कळलं. पहिल्या दिवसापासून. मी यायच्या आधीच ठरलं होतं, पोरीनं त्या खोलीत जायचं न्हाई. म्हणजे त्याला ठाऊक होतं खोलीत काय हाय. पोरगी जपायची. बुढी ठेवायची. त्यानं हिशोब केला आन मी त्यात बसले.

शिवकन्याला धरलं. म्हणलं, तुला बी ठाऊक होतं. ती म्हणली, मी त्यांना म्हणलं होतं आजी, पोत्यात वाळू भरून ठेवा. ते म्हणले वाळूला कळत न्हाई कधी उठायचं. वास आला तर आजी उठंल, आपल्याला बी उठवंल.

एवढं बोलून रडायला लागली. मी तिला गप केलं न्हाई.

१५ डिसेंबर, सोमवार

माझा फोन जाग्यावर न्हाई. बजरंग रिचार्ज करायला नेला म्हणतो.

फुगलेल्या सगळ्या एकेक करून मी अंगणात नेल्या, नाल्याच्या पलीकडं मोकळ्यात ठेवल्या. वाळू टाकली वरून. लोक जमले. मी सांगायला लागले की ह्या बाद हायेत, ह्या माझ्या अंगाखाली — बजरंग आला, माझ्या खांद्यावर हात ठेवला, लोकांना म्हणला, आजीला भास होतेत. मलप्पा दिसतो तिला. खोलीत पीठ टाकून पाऊल पाहत होती, शिवकन्याला इचारा.

शिवकन्यानं मान हालवली. हाव म्हणली. पीठ खरं होतं.

तारामती सुद्धा आता माझ्याशी बहिऱ्याशी बोलावं तसं मोठ्यानं, सावकाश बोलते. मावशी, जेवलात का. मावशी, आराम करा.

बॅटऱ्या सांजपर्यंत परत आत. फळीखाली.

१७ डिसेंबर, बुधवार

कडी बाहेरून लावतो. आतली माझी कडी त्यानं काढून घेतली, स्क्रूसकट. आजी आतून लावून पडली बिडली तर, असं शिवकन्याला म्हणला. चार भोकं राह्यली दाराला.

मी झोपत न्हाई म्हणून फळीवर जातं ठेवलंय, पाटा ठेवलाय, दोन पोती. एक बाजू दबली. दुसरी बाजू वर आली. तो म्हणला होता तसंच.

गोड वास. डोकं जड.

त्याला हाक मारली, बजा म्हणून, लहानपणीचं नाव. दाराशी आला. मी म्हणलं, मला गावाकडं नेऊन घाल. मी कोणाला काय सांगत न्हाई. दाराच्या पलीकडून म्हणला, अमावस्या होऊ दे आजी. त्या बाया येऊन जाऊ देत. मग तुझी बाज बी आणतो.

खोटं बोलताना त्याचा आवाज मऊ होतो. मीच शिकवलं असंल, दुसरं कोण होतं त्याला.

१८ डिसेंबर, गुरुवार

पुढं भज्जीचा, आंबिलीचा वास. उद्या वेळ अमावस्या. आमच्या गावी तिचं एवढं न्हाई, हितं मात्र सगळं गाव शेतात जातं. घराला कुलूप, गल्ल्या सुन्या. शेतात कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, करतेत, पांडव पुजतेत, दिवस मावळंपर्यंत तितंच खाणं. तारामती परवाच म्हणत होती, त्या दिवशी लोह्यात कुत्रं बी सापडत न्हाई.

मांडणीवरच्या सगळ्या बॅटऱ्यांना त्यानं आज चार्जर लावला. बटण दाबून पाह्यलं. चार दिवे. चारी. मी म्हणलं अर्ध्या ठेवायच्या नं? म्हणला, बायांना चार दिवे दिसले पाहिजेत.

१९ डिसेंबर

गेले. टेम्पो गेला. आरती मोठी आजी येणार न्हाई का इचारत होती. बरं न्हाई तिला, म्हणला.

फळीखालच्या बी भरायला लावून गेला. त्याची वायर, त्याच्या खोलीतून. शिवकन्या म्हणत होती एकट्या सोडू नयेत म्हणता नं तुम्ही. तो म्हणला, एकट्या कुठं, आजी हाय.

नंतर

वायर ओढून तोडली. हाताला झटका बसला. तरी गरमच. तोडल्यावर बी गरम होऊन राहिल्यात.

खिडकीतून हाका मारल्या. तारामतीच्या दाराला कुलूप. पलीकडं सगळं रान. लांब कुठं तरी लोक ओरडतेत, पांडवांच्या पूजेचं. त्यांना वाटत असंल कोणी तरी तसंच ओरडतंय.

नंतर

जातं सरकलं. कोणी हात न लावता. फळी वर येऊन राह्यली, एका बाजूनं, झोपलेला माणूस उठून बसतो तशी —

टिक टिक टिक. आता थांबत न्हाई.

पाटा खाली पडला

नंतर

पांढरा धूर. एक गेली. फुस्सकन. बादली ओतली, दुसरी ओतली. वाळू संपली. पलंगाखालून उजेड येतोय, निळा

दाराला धडका दिल्या. माझं वजन दाराला पुरत न्हाई

मांडणीवरच्या भरलेल्या अजून — त्या पेटल्या तर —

खिडकीशी हाय. ही डायरी गजातून बाहेर टाकते. ज्याला सापडंल त्यानं ऐकावं.

मुदखेडच्या बायांना वाटंतच थांबवा. घेऊ नका म्हणावं. एक बी.

म्हातारीला भास होत होते असं कोणी म्हणलं तर भिंतीतलं भोक पाहा. कडीची भोकं पाहा. मलप्पाच्या घरच्यांना देगलूरहून बोलवा.

शिवकन्याला इचारू नका, ती रडून सगळा दोष वाटून घेईल. तारामतीला न्हाई. पोरीला तर मुळीच न्हाई. बजरंगाला उभा करा. चपला काढून, अनवाणी, हितंच, ह्या फरशीवर. उत्तर त्यानं द्यायचं, त्याच्या तोंडानं, त्याच्या वतीनं दुसरं कोणी बोललं तर त्याला गप करा आन पुन्हा बजरंगालाच इचारा, पहिल्या दिवसापासून तुला ठाऊक